पडद्यावरच्या खुणा : प्रस्तावना

सुरत डोळ्यांवर चालते. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत हिरे घासायच्या घंटीवर बसलेला रत्नकलाकार भिंगातून हिऱ्याचा पैलू तपासतो. पांडेसरा-उधन्याच्या लूम्सच्या खात्यात कारागीर तुटलेला तार शोधून पुन्हा जोडतो. लिंबायत-डिंडोलीच्या खोल्यांमध्ये बायका साडीवर टिकल्या चिकटवतात, धागा कटिंग करतात. यांतल्या लूम्सच्या आणि साडीच्या कामात आपली खानदेशी माणसे मोठ्या संख्येने आहेत. नंदुरबार, अमळनेर, जळगाव, धुळे या बाजूने ती आली आणि इथलीच झाली. त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली. दवाखान्यात मात्र त्यांच्याशी मराठीत क्वचितच कुणी बोलते, आणि हातात पडणारा रिपोर्ट इंग्रजीत असतो. "पडद्याला सूज आहे, अँजिओ करावी लागेल" असे सांगितले की माणूस छातीवर हात ठेवतो. अँजिओ हृदयाची असते, एवढेच त्याला ठाऊक असते. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे. त्याला सर्वांत आधी तपासणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठी आणि चष्म्याचा नंबर काढणाऱ्यांसाठीही आहे.

विषय डोळ्याच्या आतल्या दाहाचा आहे. वैद्यकात या आजारांना मिळून युव्हिआयटिस म्हणतात. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूंचा पट्टा आणि डोळ्याच्या तळाशी असलेला रक्तवाहिन्यांचा थर म्हणजे कोरॉइड, हे युव्हिआचे तीन भाग. दाह मात्र ही हद्द पाळत नाही. तो शेजारच्या दृष्टिपटलात, म्हणजे ज्याला आपण नुसते 'पडदा' म्हणतो त्यात उतरतो, त्याच्या शिरांच्या भिंतींत शिरतो, समोरच्या काचेसारख्या रसात पसरतो. मोतीबिंदू उतारवयात येतो आणि ऑपरेशनने जातो, हे आता घरोघरी माहीत आहे. दाहाचा आजार येतो तो बहुधा कमावत्या वयात. तो एकदा बरा झाला तरी परतू शकतो, आणि प्रत्येक फेरीत पडद्याचा थोडा भाग कायमचा घेऊन जाऊ शकतो. म्हणून त्याची खूण लवकर ओळखायला हवी, आणि ती खूण बहुतेक वेळा चित्रात दिसते.

चित्रांबद्दल पुढे पुष्कळ येणार आहे. माझे म्हणणे मात्र इथेच सांगून टाकतो. पडद्याचे चित्र दाह कुठे आहे, किती आहे, जागा आहे की शमला, हे सांगते. तो कशामुळे झाला हे चित्र एकट्याने क्वचितच सांगते. त्यासाठी माणसाला विचारावे लागते: कुठे राहता, काय काम करता, घरात कुणाला खोकला आहे का, मागच्या पावसाळ्यात ताप आला होता का. ज्या शहरात क्षय, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो), चिकुनगुन्या आणि कारण न सापडणारा दाह एकाच वॉर्डात राहतात, तिथे चित्र आणि चौकशी यांची फारकत झाली की उपचार चुकतो.

या विषयाचा एक जुना आणि आपल्याला सर्वांत जवळचा धडा एका इंग्रज डॉक्टराच्या नावाने ओळखला जातो. हेन्री ईल्स हे बर्मिंगहॅमचे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप प्रसिद्ध केल्यावर जिवंत माणसाचा पडदा पाहता येऊ लागला होता. १८८० मध्ये ईल्स यांनी काही तरुण पुरुषांची हकीकत छापली. डोळ्यात पुन्हा पुन्हा रक्तस्राव, सोबत नाकातून रक्त आणि बद्धकोष्ठ. ईल्स यांनी रक्तस्रावाचा संबंध या बद्धकोष्ठाशी लावला. शिरांच्या भिंतींना दाह झाल्याचे त्यांच्या नोंदीत नाही. ते वाड्सवर्थ यांनी १८८७ मध्ये लिहिले. ज्या देशात ईल्स यांनी हे रुग्ण पाहिले तिथे तो आता दुर्मीळ आहे. भारतीय उपखंडात मात्र पडद्याच्या डॉक्टरांना तो आजही भेटतो. रुग्ण बहुधा २० ते ४० वयाचा पुरुष, वरून धडधाकट. सुरतेत कामासाठी येणाऱ्या पुरुषांचे वयही बहुधा हेच असते.

ईल्सचा आजार टप्प्याटप्प्याने वाढतो आणि प्रत्येक टप्प्याची चित्रात वेगळी खूण असते. आधी पडद्याच्या कडेकडच्या शिरांना दाह होतो आणि त्यांच्याभोवती पांढरट आवरण दिसते. मग बारीक केशवाहिन्या बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्यांची मागणी करतो. त्या उगवतात, पण इतक्या नाजूक असतात की एक दिवस फुटतात आणि रक्त आतल्या रसात सांडते. रुग्ण सांगतो, "डोळ्यापुढे काळे जाळे आले," किंवा "धूर झाला." दुखत काहीच नाही. काही आठवड्यांत रक्त आपोआप शोषले जाते, नजर उजळते आणि माणूस पुन्हा कामावर जातो. या आजारातला सर्वांत घातक क्षण मला हाच वाटतो. नजर आली म्हणून त्याने डॉक्टर सोडलेला असतो, पण कडेला रक्तावाचून पडलेला भाग तसाच असतो, नव्या वाहिन्या तशाच असतात. पुढच्या रक्तस्रावानंतर नव्या वाहिन्यांच्या जाळ्याचा पापुद्रा होतो, तो आकसतो आणि पडदा ओढून सुटा करतो. रक्तावाचून पडलेला तो भाग वेळेत दिसला तर लेझरने शेकून नव्या वाहिन्यांची मागणीच थांबवता येते. उशीर झाला तर आतला रस काढण्याची मोठी शस्त्रक्रिया उरते. रॉबर्ट माखेमर यांनी ती १९७० च्या सुमारास रूढ केली, म्हणून निदान तो तरी मार्ग आहे.

कडेचा तो भाग दाखवणारी तपासणी म्हणजेच डोळ्याची अँजिओ, एफएफए. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात वैद्यक शिकणारे हॅरल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड आल्व्हिस यांनी तिची पद्धत प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन नावाचा पिवळा रंग टोचतात. दहा-बारा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो. निळ्या प्रकाशात तो हिरवट पिवळा चमकतो आणि कॅमेरा एकामागून एक चित्रे घेतो. निरोगी पडद्याच्या वाहिन्या रंग आतच ठेवतात. दाह झालेल्या वाहिनीतून तो पाझरतो, भिंतीला चिकटून राहतो. बंद पडलेल्या केशवाहिन्यांचा प्रदेश काळाच राहतो. नव्या वाहिन्यांच्या गुच्छातून रंग धुरासारखा बाहेर येतो. दृष्टीच्या मध्यबिंदूपाशी सूज असेल तर उशिराच्या चित्रांत पाकळ्या उमटतात. तपासणीनंतर काही तास त्वचा पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरतो. काहींना मळमळते. अ‍ॅलर्जी असेल, गरोदरपण असेल तर ते आधी सांगणे आवश्यक आहे.

साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात पडद्याचा ३० ते ५० अंशांचाच भाग येतो, आणि ईल्स सुरू होतो कडेला. मध्यभागाचे चित्र स्वच्छ आले म्हणून डोळा स्वच्छ ठरवता येत नाही. आता एकाच चित्रात २०० अंशांपर्यंत पाहणारे रुंद कॅमेरे आले आहेत, आणि दाहाच्या आजारात त्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे. तो कॅमेरा जवळ नसेल तर बाहुली मोठी करून, रुग्णाला चारी दिशांना बघायला लावून कडा तपासणे हा जुना मार्ग आहेच. तो टाळू नये.

ईल्सचे मूळ काय, यावर वाद आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात डॉ. ज्योतिर्मय विश्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारावर दीर्घ काळ काम केले. शस्त्रक्रियेत काढलेल्या पापुद्र्यांत काही रुग्णांमध्ये त्यांना क्षयजंतूचा डीएनए आढळला. जिवंत जंतू नव्हे, त्याची जनुकीय खूण. म्हणून अनेकांचे मत असे, की इथे जंतूपेक्षा त्याच्याविरुद्ध शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया पडद्याला जाळते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तिथे हा दुवा दुर्लक्षिता येत नाही. पण प्रत्येक ईल्सला क्षय समजून औषधे सुरू करण्याइतका तो पक्काही नाही.

क्षयाची दुसरी खूण अधिक स्पष्ट आहे, आणि ती भारतीय डॉक्टरांनी जगाला नीट दाखवली. 'सर्पिजिनस कोरॉइडायटिस' हा आजार पूर्वीपासून माहीत होता. त्याचे पिवळसर पांढरे डाग सापासारखे वळणे घेत सरकतात आणि मागे पडद्याचा ओसाड पट्टा सोडतात. तो शरीराने स्वतःवरच उलटून केलेला आजार मानला जाई आणि त्यावर स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जात. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. अमोद गुप्ता, डॉ. विशाली गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की आपल्याकडे दिसणाऱ्या अशा डागांचा एक गट वेगळा आहे. त्यात डाग अनेक जागी उमटतात, आतल्या रसात दाहाच्या पेशी दिसतात आणि क्षयाची औषधे दिल्यावर आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण कमी होते. या शोधाचे महत्त्व मी कितीही सांगितले तरी कमीच पडेल. आतल्या जंतूकडे न बघता नुसती प्रतिकारशक्ती दाबत राहिलो, तर आपण जंतूलाच मोकळे रान देतो.

या आजारात ऑटोफ्लुओरेसन्स ही तपासणी फार बोलकी आहे. तिला सुई नाही, रंग नाही. पडद्यामागच्या पेशींत साठलेले द्रव्य विशिष्ट प्रकाशात स्वतःच चमकते, त्याचेच चित्र घेतात. ताज्या डागाभोवती उजळ, धूसर वलय दिसते. भरत आलेल्या डागाची कडा बारीक काळी होते. पूर्ण भरलेला डाग सगळाच काळा दिसतो. एकाच डोळ्यात एक डाग काळा आणि त्याच्या टोकाला उजळ किनार असेल, तर मागचा भाग विझला आहे आणि पुढचे टोक अजून सरकते आहे.

इथेच उपचारातली सर्वांत कठीण परीक्षा येते. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही रुग्णांचे डाग उलट वाढतात. मरणाऱ्या जंतूंमुळे शरीराची प्रतिक्रिया भडकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चित्रात उजळ कडा पसरताना दिसते, रुग्णाची नजर आणखी मंदावते, आणि घरचे म्हणतात, "औषधाने बिघडले." अशा वेळी क्षयाची औषधे बंद करायची नसतात. दाह दाबण्यासाठी स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो आणि दर थोड्या दिवसांनी नवे चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवून बघावे लागते. हे रुग्णाला आधीच, त्याच्या भाषेत सांगितलेले असेल तर तो टिकतो. नाही तर तो गावी निघून जातो, आणि तिथे नवे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात. फुप्फुसाबाहेरच्या क्षयासाठी भारतात २०१६ मध्ये आलेल्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शिकेत डोळ्याच्या क्षयाला सहा ते नऊ महिन्यांचा उपचार सांगितला आहे. एवढा काळ माणूस एका डॉक्टरच्या नजरेखाली राहणे हे गोळ्यांइतकेच महत्त्वाचे आहे. त्यात एक सावधगिरीही हवी. या गोळ्यांतली इथॅम्ब्युटॉल काही जणांच्या डोळ्याच्या नसेला इजा करते. लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ लागला तर लगेच सांगायला हवे. साडीच्या रंगांशी रोज काम करणाऱ्या माणसाला तो कदाचित इतरांआधी कळेल.

पावसाळ्याचा विषय वेगळा. दक्षिण गुजरातेत, सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात, दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. उंदीर आणि गुरांच्या लघवीतला जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि भातलावणीला चिखलात उभ्या असलेल्या मजुराच्या पायाच्या भेगेतून आत शिरतो. आरोग्य खाते त्या काळात शेतमजुरांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटते. तापाकडे, काविळीकडे, मूत्रपिंडाकडे सगळ्यांचे लक्ष असते. डोळा मात्र नंतर, कधी काही महिन्यांनी, लाल होतो आणि तोवर ताप कुणाच्या आठवणीत नसतो. मदुराईच्या भागात १९९३ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली, आणि तिच्या मागोमाग युव्हिआयटिसचे रुग्ण अरविंद नेत्र रुग्णालयात येऊ लागले. डॉ. एस. आर. रथिनम आणि सहकाऱ्यांनी तो संबंध उलगडून दाखवला. आतल्या रसात झिरझिरीत कापडासारखे तरंगणारे पापुद्रे, शिरांचा दाह, लालसर झालेली दृष्टिनस आणि कधी फार लवकर पिकणारा मोतीबिंदू, या त्याच्या खुणा. ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी सुरतेच्या बहुतेक भागात शिरले होते. ज्या शहराने ते पाहिले आहे, तिथे लाल डोळ्याच्या रुग्णाला 'मागे ताप आला होता का, पाण्यात काम केले होते का' हे विचारायला विसरू नये. यात दिलाशाची गोष्ट अशी, की वेळेत उपचार झाले तर या आजारात नजर बहुधा चांगली राहते.

चिकुनगुन्या आणि डेंग्यूनंतरही पडद्यावर पांढरे ठिपके, सूज आणि रक्तस्राव होतात. २००६ च्या चिकुनगुन्याच्या मोठ्या साथीनंतर भारतातून अशा नोंदी आल्या. पुस्तकात त्यांना वेगळे प्रकरण आहे.

ओसीटी या तपासणीबद्दल इथे थोडेच सांगतो, कारण अर्धे पुस्तक तिच्यावर आहे. १९९१ मध्ये बोस्टन-केंब्रिजच्या परिसरात डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून पडद्याचा उभा छेद दाखवणारी ही तपासणी आज काही मायक्रॉनपर्यंतचे थर वेगळे करते. मध्यबिंदूच्या सुजेतल्या पोकळ्या, पडद्याखाली साठलेले पाणी, प्रकाश ओळखणाऱ्या पेशींची तुटलेली रेघ, हे सारे तिच्यात दिसते. व्हॉग्ट-कोयानागी-हाराडा या आजारात दोन्ही डोळ्यांच्या पडद्याखाली जागोजागी पाण्याचे कप्पे होतात आणि कोरॉइड जाड होतो. रुग्णाला डोकेदुखी आणि कानात आवाज असतो, पुढे कधी अंगावर पांढरे डाग उठतात, पापण्यांचे केस पांढरे होतात. हे चित्र एकदा पाहिलेला डॉक्टर ते विसरत नाही. सूज मोजून ओसीटी आकडा देते, म्हणून रुग्णालाही ती आवडते. पण आकडा कमी झाला म्हणजे कारण गेले असे नव्हे. स्टेरॉइडने सूज ओसरते आणि क्षय तसाच राहतो.

इथे मी कडक बोलणार आहे. मेडिकल स्टोअरमधून लाल डोळ्यासाठी स्टेरॉइडचे थेंब घेऊन महिनोन्‌महिने घालणे हा आपल्या भागातला मोठा अपराध आहे. डोळा पांढरा होतो, दुखणे थांबते, आणि आत पडद्यावर आजार चालूच राहतो. वर काचबिंदू आणि मोतीबिंदू लागतो तो वेगळाच. तितकाच दोष घाईने चित्र वाचणाऱ्या डॉक्टरचाही आहे. क्षयासारखे दिसणारे डाग सिफिलिसमध्ये दिसू शकतात, सार्कॉइडोसिसमध्ये दिसतात, आणि वय झालेल्या माणसात ते लिम्फोमा नावाच्या कर्करोगाचे असू शकतात. सिफिलिसची रक्ततपासणी स्वस्त आहे आणि त्याचे औषध पेनिसिलिन आहे. तरी लाजेपोटी ती सुचवलीच जात नाही. क्षयासाठीची मँटू चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे डोळ्यात क्षय आहे असेही नाही. आपल्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात हा जंतू झोपलेला आहे. चाचणी, छातीचा स्कॅन, घरातला इतिहास आणि पडद्याची खूण, हे चारही एका दिशेला बोट दाखवतात तेव्हाच निर्णयाला जोर येतो.

संगणकाने पडदा वाचण्याचे दिवस आले आहेत. मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुगलच्या कामात भारतातल्या रुग्णालयांची चित्रेही होती. दाहाच्या आजारात तसे यश इतक्या सहज येणार नाही असे मला वाटते. आजार अनेक, प्रत्येकाचे रुग्ण थोडे, आणि एकच खूण चार आजारांत. यंत्राने मदत करावी, ती मला हवीच आहे. पण 'मागच्या श्रावणात ताप आला होता का' हा प्रश्न कुणी तरी विचारायलाच हवा.

शेवटचे बोलणे थेट वाचकाशी. या आजारात एका चित्राला किंमत असते, पण आजचे आणि तीन महिन्यांपूर्वीचे अशी दोन चित्रे शेजारी असली तर ती कितीतरी वाढते. डाग सरकला का, सूज ओसरली का, काळा भाग वाढला का, हे त्या दोन्हींत बघूनच कळते. आपली माणसे सुरत आणि गाव यांच्यात सतत ये-जा करतात. दिवाळीला, लग्नसराईला, काम सुटले की उधन्याहून गाडी धरतात आणि फाइल खोलीवर राहते. केसपेपर नवी सिव्हिल रुग्णालयाचा असो, स्मीमेर रुग्णालयाचा असो की खासगी दवाखान्याचा, अँजिओची आणि ओसीटीची छापील चित्रे, त्यांची सीडी आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. त्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवा. गावी जाताना ती पिशवी बरोबर न्या, आणि तिथल्या डॉक्टरांसमोर सर्वांत आधी तीच उघडा. नजर स्वच्छ झाली तरी सांगितलेल्या तारखेला तपासायला या, आणि स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने एका दिवसात कधीही बंद करू नका.